दोन वाचकांसाठी एक मजकूर

यंत्राने यंत्राला पाठवायची माहिती माणसालाही वाचता आली पाहिजे, हा आग्रह प्रथमदर्शनी अनाठायी वाटण्याचा संभव आहे. कारण जिथे लिहिणाराही संगणक आणि वाचणाराही संगणक, तिथे माणसाच्या डोळ्यांची सोय पाहण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न सहजच मनात येतो. परंतु असा मजकूर केवळ यंत्रांच्याच हाती राहिला, असे व्यवहारात सहसा घडत नाही. एखादा प्रोग्राम प्रथम उभा करायचा असतो तेव्हा त्याच्या सेटिंगची फाइल कोणीतरी हाताने लिहितो. दोन खात्यांचे हिशेब जुळेनासे झाले, की एकाने दुसऱ्याकडे नेमके काय धाडले हे कोणीतरी उघडून पाहतो. आणि मूळ प्रोग्राम कालबाह्य होऊन बंद पडला, की त्याच्या दफ्तरातील नोंदींचा अर्थ लावण्याचे काम माणसाच्याच गळ्यात येऊन पडते. सारांश, या मजकुराला वाचक दोन असतात, आणि त्यांपैकी एकाचीच सोय पाहून केलेली मांडणी दुसऱ्याला कधी ना कधी अडचणीत टाकल्यावाचून राहत नाही.

अशा ठरीव मांडणीला डेटा फॉरमॅट म्हणतात. कोणती बाब कुठे लिहायची, एक बाब संपून दुसरी सुरू झाली हे कशावरून ओळखायचे, आकडा कोणता व नाव कोणते हे कसे दाखवायचे, एका बाबीच्या पोटात दुसरी कशी सामावायची, या प्रश्नांची एकदाच ठरवून ठेवलेली उत्तरे म्हणजे फॉरमॅट. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सातबाराच्या रूपाने ही गोष्ट चांगली परिचयाची आहे: गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्क, गाव नमुना बारामध्ये पिके, प्रत्येक बाबीला स्वतंत्र रकाना, आणि फेरफार मंजूर झाला की जुन्या खातेदाराच्या नावाला कंस. तलाठी हा नमुना भरतो, खातेदार वाचतो, बँक वाचते, न्यायालय वाचते, आणि आता संगणकही वाचतो. म्हणून या प्रकरणात निरनिराळ्या फॉरमॅटांची पारख शेतजमिनीच्याच एका लहानशा, कल्पित नोंदीवर करू: गाव सासवड, पीक ज्वारी, क्षेत्र एक एकर दहा गुंठे.

यातील क्षेत्राची बाब हेतुपुरस्सर निवडली आहे. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो. म्हणजे हे क्षेत्र सव्वा एकर भरते. कच्च्या टिपणात कोणी ते १.१० असे लिहिले, तर गुंठ्यांच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला त्यात काहीही संदिग्ध वाटणार नाही. तोच आकडा संगणकाने दशांश अपूर्णांक म्हणून वाचला, तर त्याचा अर्थ एक एकर चार गुंठे होतो आणि सहा गुंठे जमीन कागदावरून नाहीशी होते; शिवाय शेवटचे शून्य निरर्थक समजून त्याने गाळले, की उरलेल्या १.१ वरून मूळ नोंद दहा गुंठ्यांची होती की एका गुंठ्याची, हे सांगण्याचा कोणताही मार्ग राहत नाही. अक्षर सुबक होते, आकडा ठसठशीत होता, दोन्ही वाचकांनी तो बिनचूक वाचला. तरीही अर्थ दोन झाले. फॉरमॅटच्या सुवाच्यतेचा खरा प्रश्न हा आहे. मजकूर आटोपशीर दिसणे, चिन्हे थोडी असणे, पान मोकळे असणे, हे सर्व इष्टच; परंतु माणूस जो अर्थ घेतो तोच यंत्रानेही घेणे, हे सुवाच्यतेचे मुख्य लक्षण होय.

रकान्यांची शिस्त आणि तिच्या मर्यादा

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत आरंभलेल्या युनिक्स प्रणालीने, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या तिच्या जनकांच्या प्रभावाखाली, शक्य तिथे माहिती साध्या अक्षरमजकुरात ठेवण्याचा पायंडा पाडला. केवळ यंत्रालाच उमगणाऱ्या द्विमान सांकेतिक रूपात तीच माहिती कमी जागेत मावते हे खरे. पण ती उघडून पाहण्यासाठी खास साधन लागते, आणि साधन हरवले की माहितीही हरवल्यात जमा होते. युनिक्समधील वापरकर्त्यांची सूची एका फाइलीत असते: प्रत्येक खात्याला एक ओळ, ओळीत सात रकाने, आणि दोन रकान्यांच्या मध्ये अपूर्णविरामाचे चिन्ह. कोणत्याही साध्या संपादकात ती उघडते व सहज दुरुस्त करता येते. परंतु रकान्यांचे मथळे तीत नसतात. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात. त्यांपैकी पहिला वापरकर्त्याचा क्रमांक आणि दुसरा गटाचा, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते. अक्षरे वाचता आली म्हणून माहिती कळली असे होत नाही, याचा हा उत्तम दाखला आहे.

स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणाऱ्या सीएसव्ही या फॉरमॅटने पहिल्या ओळीत मथळे देण्याची सोय करून ही उणीव काही अंशी भरून काढली. हा फॉरमॅट दशकानुदशके वापरात होता. तथापि त्याचे सर्वसामान्य नियम आरएफसी ४१८० या दस्तऐवजात नमूद व्हायला ऑक्टोबर २००५ उजाडावे लागले. मजकुरातच स्वल्पविराम आला तर काय करायचे, अवतरणचिन्ह आले तर काय, याची उत्तरे तोवर ज्याने-त्याने आपल्या मगदुराप्रमाणे दिली होती. याहून गंभीर उणीव अशी, की रकान्यातील मजकूर आकडा आहे, नाव आहे की दिनांक आहे, हे सीएसव्ही कधीच सांगत नाही. ते ठरवण्याचे काम फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामच्या तर्कावर सोपवलेले असते.

या तर्काने काय अनर्थ घडतो, ते जनुकशास्त्राच्या क्षेत्रात दिसून आले. ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ अशी काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे पूर्वी होती. एक्सेलमध्ये ही नावे येताच तो प्रोग्राम त्यांना दोन सप्टेंबर आणि एक मार्च समजून दिनांकांत रूपांतरित करीत असे. २०१६ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर मानवी जनुकांची नावे निश्चित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेच माघार घेतली, आणि २०२० मध्ये जाहीर केलेल्या नव्या नियमांनुसार ही नावे ‘सेप्टिन२’ आणि ‘मार्चएफ१’ अशी झाली. ज्या माहितीत आपला प्रकार सांगण्याची सोय नव्हती, तिच्यापायी विज्ञानाला आपली परिभाषा बदलावी लागली, ही घटना फॉरमॅट घडवणाऱ्या प्रत्येकाने कायम ध्यानी ठेवावी अशी आहे.

नाव सांगणाऱ्या खुणा

बाबीचे नाव बाबीलाच चिकटवून ठेवायचे, हा या अडचणीवरचा दुसरा मार्ग. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी १९६९ मध्ये जीएमएल ही खुणांची भाषा सिद्ध केली. तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक, आणि त्याला सुटसुटीत करून १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल आले. आपली नोंद त्यात अशी दिसेल:

<शेत>
  <गाव>सासवड</गाव>
  <पीक>ज्वारी</पीक>
  <क्षेत्र एकक="गुंठे">५०</क्षेत्र>
</शेत>

(या प्रकरणातील नमुन्यांत वाचकाच्या सोयीसाठी देवनागरी अंक छापले आहेत, प्रत्यक्ष फाइलीत हिशेबाचे आकडे ० ते ९ या रोमन लिपीसोबतच्या अंकचिन्हांनीच लिहावे लागतात, नाहीतर यंत्र त्यांना आकडे म्हणून मान्यता देत नाही.)

एक्सएमएलच्या कर्त्यांनी आपली दहा उद्दिष्टे आरंभीच लिहून ठेवली होती. दस्तऐवज माणसाला वाचता यावा व पुरेसा स्पष्ट असावा, हे त्यांतील एक. आणि खुणांच्या संक्षेपाला फारसे महत्त्व नाही, हे दुसरे. या दुसऱ्या उद्दिष्टाबद्दल पुढे एक्सएमएलवर पुष्कळ टीका झाली. कारण प्रत्येक बाबीचे नाव दोनदा लिहावे लागल्याने लहानशी नोंदही अंगापेक्षा बोंगा मोठा अशी होते. परंतु न्यायाने पाहिले, तर कायद्याचा मसुदा किंवा ग्रंथाचे प्रकरण असा सलग गद्य मजकूर, ज्यात एका वाक्याच्या मध्येच एखाद्या शब्दाला खूण करायची असते, तिथे बंद करणारी खूण नावानिशी असणे हे वाचकावर उपकारच आहेत: चाळीस ओळींनंतर आलेली खूण नेमके कोणते कलम संपवते, हे शोधत मागे जावे लागत नाही. हीच पद्धत तीन-चार बाबींच्या नोंदीला लावली, की तिचा भार होतो.

थोड्या नियमांची थोरवी

तो भार उतरवला जेसनने. जावास्क्रिप्ट भाषेत आधीपासूनच असलेल्या लेखनपद्धतीचा एक लहान भाग अलग काढून डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास तो माहितीच्या देवाणघेवाणीसाठी पुढे आणला. २००६ मध्ये आरएफसी ४६२७ आणि २०१३ मध्ये एक्मा-४०४ या मानकांनी त्याला अधिकृत रूप दिले.

{
  "गाव": "सासवड",
  "पीक": "ज्वारी",
  "क्षेत्र_गुंठे": ५०
}

अवतरणात आहे तो मजकूर, अवतरणाबाहेर आहे तो आकडा. महिरपी कंसात नावानिशी बाबी, चौकोनी कंसात क्रमवार यादी. याखेरीज होय, नाही आणि रिक्त ही तीन मूल्ये. एवढ्यात सारे व्याकरण आटोपते, आणि जेसनचा जगभर प्रसार होण्याचे मोठे श्रेय या मितपणालाच आहे. ‘सासवड’ला अवतरणचिन्हे आहेत व पन्नासला नाहीत, हे पाहताच वाचणाऱ्या माणसाला जे कळते तेच यंत्रालाही कळते.

तरीही माणसाच्या दृष्टीने जेसनमध्ये तीन खोडी आहेत, आणि त्या तपशिलाने पाहण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की त्यात शेरा लिहायला जागा नाही. क्रॉकफर्ड यांनी ही सोय जाणूनबुजून काढून टाकली. काही लोक शेऱ्यांच्या आडून यंत्राला गुप्त सूचना देऊ लागले होते, आणि तसे होऊ दिले असते तर एकाची फाइल दुसऱ्याला वाचता आली नसती, असे त्यांनी स्पष्टीकरण दिले. यंत्रायंत्रांतील देवाणघेवाणीपुरता हा निर्णय योग्यच होता. परंतु हाच फॉरमॅट लोक पुढे सेटिंगच्या फाइलींसाठी वापरू लागले, आणि तिथे शेऱ्यावाचून अडते. क्षेत्र पन्नास गुंठे का, गेल्या साली पंचेचाळीस का होते, कोणत्या मोजणीनंतर दुरुस्ती झाली, हे ज्या कागदावर लिहिता येत नाही, त्या कागदावरून निर्णय तेवढा कळतो आणि निर्णयाचे कारण लिहिणाऱ्यासोबत निघून जाते.

दुसरी खोड स्वल्पविरामाची. शेवटच्या बाबीनंतर स्वल्पविराम चालत नाही. म्हणून वरील नोंदीच्या तळाशी नवी बाब जोडायची, तर आधीच्या ओळीच्या टोकालाही स्वल्पविराम द्यावा लागतो. जुन्या व नव्या प्रतींची तुलना करणारे साधन मग एकाऐवजी दोन ओळी बदलल्याचे दाखवते, आणि क्षेत्राला कोणी हात लावला, अशी शंका तपासणाऱ्याच्या मनात विनाकारण उभी राहते. माणूस फाइल पुष्कळदा संपूर्ण वाचत नाही, तिच्यात काय बदलले तेवढेच वाचतो. म्हणून एका बदलाची एकच ओळ व्हावी, हा सुवाच्यतेचाच एक नियम मानला पाहिजे.

तिसरी खोड मराठी वाचकाला विशेष जाचणारी आहे. कोणत्याही लिपीतील अक्षराऐवजी त्याचा सांकेतिक क्रमांक लिहिण्याची मुभा जेसन देतो, आणि काही प्रोग्राम सावधगिरी म्हणून रोमनेतर अक्षरे सरसकट अशीच लिहितात. पायथन भाषेतील जेसनची साधनेही, वेगळी सूचना न दिल्यास, हेच करतात. प्रत्येक चिन्हामागे उलटी तिरकी रेघ, एक रोमन अक्षर आणि चार अंकी संकेत अशी सहा अक्षरे येतात. काना धरून पाच चिन्हांचे ‘सासवड’ तीस अक्षरांच्या रांगेत गडप होते. यंत्राला दोन्ही सारखेच. माणसाला मात्र स्वतःच्या गावाचे नाव ओळखता येत नाही. यूटीएफ-८ या संकेतनाने जगातील बहुतेक लिप्या एका फाइलीत सुखाने नांदू लागल्यावर आणि २०१७ च्या आरएफसी ८२५९ ने खुल्या देवाणघेवाणीसाठी तेच संकेतन सक्तीचे केल्यावर ही पद्धत चालू ठेवण्याचे समर्थनीय कारण क्वचितच उरते.

सोयीची किंमत

अवतरणे आणि कंसही नकोत, हाताने टिपण लिहावे तसे लिहिता यावे, या इच्छेतून यॅमल जन्माला आला. क्लार्क एव्हान्स यांनी २००१ मध्ये तो मांडला, आणि इंगी डॉट नेट व ओरेन बेन-किकी यांच्यासमवेत घडवला.

गाव: सासवड
पीक: ज्वारी
क्षेत्र: १.१०

दिसायला याहून प्रसन्न मांडणी सापडणे कठीण. शेऱ्यांची सोय आहे, आणि कोणती बाब कोणत्या बाबीच्या पोटात आहे हे ओळीच्या डावीकडील मोकळ्या जागेवरून कळते. परंतु अवतरणे ऐच्छिक केली, की मूल्य मजकूर आहे की आकडा, हे पुन्हा यंत्राने ताडायचे. आणि वरील क्षेत्र तर्काने दशांश अपूर्णांक ठरून सहा गुंठ्यांची तूट अवतरते. २००५ च्या सुमारास रूढ झालेल्या यॅमल १.१ या आवृत्तीत हा तर्क विलक्षण दूरवर गेला होता. इंग्रजी ‘येस’, ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’ हे शब्द होकार-नकाराची मूल्ये समजले जात. त्यामुळे देशांच्या संकेतांच्या यादीत नॉर्वेचा दोन अक्षरी संकेत ‘एन-ओ’ आला, की त्या देशाच्या जागी नकार नोंदला जाई. हीच अडचण पुढे ‘नॉर्वेचा प्रश्न’ या नावाने प्रसिद्ध झाली. अवतरणावाचून लिहिलेली १०:३० ही वेळ साठाच्या पटीतील संख्या समजली जाऊन ६३० होई. २००९ च्या १.२ आवृत्तीने हे नियम आवरते घेतले. तथापि पुष्कळ साधने त्यानंतरही जुन्याच आवृत्तीवर राहिली, कारण लाखो फाइली ज्या नियमांवर विसंबलेल्या असतात ते नियम एका हुकुमाने बदलत नाहीत.

यॅमलच्या कर्त्यांनी माणसाच्या डोळ्यांची कळकळीने काळजी वाहिली, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु लिहिणाऱ्याची दोन चिन्हे वाचवण्यासाठी वाचणाऱ्याची खात्री खर्ची घालणे हा महाग सौदा आहे, हेच त्यांच्या अनुभवाने सिद्ध केले. कारण मजकूर एकदा लिहिला जातो आणि अनेकदा वाचला जातो.

गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये मांडलेला टॉमल हा या अनुभवातून शिकलेला फॉरमॅट म्हणता येईल. जानेवारी २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती स्थिर झाली, आणि रस्ट व पायथन या भाषांमधील प्रकल्पांची माहिती आज त्यातच लिहिली जाते.

"गाव" = "सासवड"
"क्षेत्र_गुंठे" = ५०   # फेरमोजणीनंतर दुरुस्त
"मोजणी" = २०२४-०३-०५

मजकुराला अवतरण सक्तीचे, शेऱ्याला मुभा, आणि दिनांक हा स्वतंत्र प्रकार. दिनांकाची मांडणी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ठरलेली आहे. भारतात पाच मार्च आणि अमेरिकेत तीन मे असा दुहेरी अर्थ देणाऱ्या तिरक्या रेघांच्या दिनांकांना त्यात थारा नाही. मोठ्या आकड्यांत वाचनाच्या सोयीसाठी अधोरेषा घालता येते, आणि ती कितव्या अंकानंतर घालावी याची सक्ती नसल्याने लाख-कोटींच्या आपल्या पद्धतीने १_००_००० असे लिहिणेही वैध ठरते. टॉमलच्या अधिकृत वर्णनात भारतीय गटवारीचे उदाहरण मुद्दाम दिलेले आहे. उणिवा यालाही आहेत: बाबींच्या पोटात बाबी तीन-चार पातळ्यांहून खोल गेल्या की मांडणी क्लिष्ट होते, आणि रोमनेतर लिपीत लिहिलेल्या बाबीच्या नावाला १.० आवृत्तीत अवतरणे द्यावी लागतात.

घडवणाऱ्याचे दायित्व

या साऱ्या इतिहासातून फॉरमॅट घडवणाऱ्यासाठी काही नियम निष्पन्न होतात, आणि ते कोणत्याही एका फॉरमॅटपुरते मर्यादित नाहीत. प्रकार तर्काने न ठरवता चिन्हाने दाखवावा. एकक बाबीच्या नावातच घालावे, म्हणजे ‘क्षेत्र’ याऐवजी ‘क्षेत्र_गुंठे’ लिहावे, त्यामुळे १.१० चा घोळ कोणत्याही फॉरमॅटमध्ये संभवत नाही. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायची नसते, असे पिनकोड, खातेक्रमांक, फोन नंबर मजकूर म्हणूनच लिहावेत. पंधरा अंकांहून मोठे क्रमांक जावास्क्रिप्टमध्ये आकडे म्हणून वाचले, की अचूक राहण्याची हमी नसते, आणि ट्विटरला याच कारणासाठी प्रत्येक संदेशाचा क्रमांक मजकूररूपानेही वेगळा पाठवावा लागला होता. कारणे नोंदवायला शेऱ्याची जागा असावी. चूक सापडली, की कितव्या ओळीत कोणती अपेक्षा मोडली हे यंत्राने स्पष्ट शब्दांत सांगावे. कारण फाइल हाताने लिहिणाऱ्याचा फॉरमॅटशी खरा परिचय चुकीच्या क्षणीच होतो.

आणि शेवटी परीक्षा घ्यावी ती वाचकाकडून. ज्याने हा फॉरमॅट पूर्वी पाहिलेला नाही, पण ज्याला त्यातील विषय कळतो, अशा माणसापुढे एक भरलेली फाइल ठेवावी आणि प्रत्येक ओळीचा अर्थ त्याला आपल्या शब्दांत सांगायला लावावे. नंतर तीच फाइल यंत्राला देऊन त्याने काय अर्थ घेतला ते ताडून पाहावे. जिथे दोघांचे उत्तर भिन्न येईल, तिथे माणसाला नियमांचे पुस्तक वाचायला सांगून वेळ मारून नेऊ नये. दोष फॉरमॅटचा समजून तो नियम बदलावा, आणि तोही लाखो फाइली त्यावर उभ्या राहण्यापूर्वी बदलावा. ज्या नोंदींवर लोकांची जमीन, वेतन आणि औषधे ठरतात, त्या नोंदी संबंधित माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येणे हा त्याचा हक्क आहे. आणि तो हक्क प्रत्यक्षात मिळतो की नाही, हे पुष्कळ वेळा एखाद्या अवतरणचिन्हाच्या सक्तीवर किंवा शेऱ्याच्या मुभेवर ठरत असते.